बारा मेंढरांची कंपनी

आमच्या सणसर गावात कुणी नवी वस्तू घेतली की लोक पेढा मागायचे, आणि बायडाअक्का भाव विचारायची. तोही एक नाही, दोन. "घ्यायला किती पडली, आन् पोसायला किती पडती?"

आमच्याकडं फ्रीज आला तेव्हा आळीतल्या बाया येऊन आत हात घालून थंडावा बघून गेल्या. अक्का मागच्या बाजूला गेली, वायर बघून आली आणि म्हणाली, "शालन, ह्यो उभ्या उभ्या खातो किती गं?"

मी म्हटलं, "लाइट खातो, अक्का. महिन्याचं बिल आलं म्हंजी कळंल."

"मग पेढं बी बिल आल्यावरच वाट."

बिल आलं आणि आमच्या ह्यांनी दोन दिवस फ्रीजचं बटण बंद ठेवलं. मी हे तिला सांगितलं नाही, पण तिला कळलंच असणार. तिसऱ्या दिवशी येऊन उगीचच गालात हसून गेली.

सवय मेंढक्याच्या घरातली. तिचा जन्म कळपामागं चालण्यात गेलेला. मेंढरू विकत घेणं कुणालाही जमतं, चैत्रात माळ करपल्यावर ते जगवायचं काय, हा खरा प्रश्न. म्हणून सायकल असो, सून असो, नाहीतर नवीन निघालेली भिशी असो, तिचा प्रश्न तोच. एका लग्नात तिनं नवरदेवाच्या बापाला बँडवाल्याबद्दल विचारलं होतं, "ह्यास्नी आणायला किती ते कळलं. जेवत्यात किती?" तो बिचारा स्वयंपाकघराकडं पळाला.

अंगानं उंच, काळीसावळी. नऊवारी गुडघ्याखाली जराशी वर खोचलेली. आणि आवाज असा की कानात सांगायची गोष्टसुद्धा पलीकडच्या माळावर हाक मारल्यासारखी सांगायची. तिचं गुपित म्हणून काही राहिलंच नाही कधी. तिनं एखादी गोष्ट मनात ठेवली तरी ती निम्म्या सणसरानं ऐकलेली असायची.

नवरा लवकर गेला. त्यानंतर धाकट्या दिरानं, हणमंततात्यानं, कळप विकून टाकला. कालव्याचं पाणी होतं, ऊस लावला, ट्रॅक्टर घेतला. तात्या वाईट नव्हता हो. कष्टाळू माणूस. पण मेंढक्याचा बागायतदार झाला होता ना, त्याला चारचौघांत मान पाहिजे होता, आणि त्याच्या मते मान म्हणजे घरातलं सगळं आपल्या नावानं ओळखलं जाणं.

अक्कानं पाच मेंढ्या राखल्या आणि उकिरड्यावरचं लेंडीखत राखलं. कालव्याच्या कडेला माळ्याच्या घरची वीस गुंठे पट्टी तिनं खंडानं घेतली. त्या माळणीनंच तिला डाळिंबाची गुटी बांधायला शिकवली. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावायचं, वरनं प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं आवळायचं. महिना-दीड महिन्यात आत मुळ्या सुटल्या की फांदी कापून पिशवीत लावायची. झालं नवं झाड. अक्काच्या पिशव्यांत माती कमी आणि लेंडीखत जास्त, त्यामुळं रोप असं काही तरारून यायचं की बारामतीकडची, पार कऱ्हाटीची माणसं टेम्पो घेऊन यायला लागली. नव्वदच्या पुढची ती वर्षं. जो तो डाळिंब लावत होता. अक्काच्या हाताखाली पाच बाया गुट्या बांधायच्या, आणि मला लिहिता-वाचता येत होतं म्हणून पावत्या मी फाडायची. मीही चौथीपर्यंतच शिकलेली. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांवरच झालं.

तालुक्याच्या कचेरीतनं एकदा मोठी मागणी आली. पण रोपं घेणार तर नोंद असलेल्या धंद्याकडनंच, असं साहेबांनी कळवलं. अक्काच्या धंद्याची नोंद म्हणाल तर माझं पावतीबुक.

हे ऐकून तात्या दुसऱ्याच दिवशी स्टँपपेपर टाइप करून घेऊन आला. "वैनी, भागीदारीचा कागद केलाय. तुमी आन् मी. चार-पाचशे रुपयांत काम. करा सही."

"शालन वाचंल," अक्का म्हणाली.

"त्यात वाचायचं काय? घरचाच कागद हाय."

"घरचा हाय म्हनूनच वाचायचा."

मी वाचत गेले. अक्का पिशव्या भरत होती. एका कलमापाशी तिचा हात थांबला. दोघांपैकी कुणी मयत झाल्यास किंवा वयपरत्वे काम न झाल्यास धंदा उरलेल्या भागीदाराकडे राहील, असं काहीसं ते होतं.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी मी मेले तर समदं तात्याचं, तात्या गेलं तर माझं. बराबर हाय की. वाटणी सारकीच हाय." मग तात्याकडं वळून म्हणाली, "पर तात्या, तुमी माझ्याहून बारा वरसानं धाकटं हायसा. मी लगीन होऊन आले तवा तुमचं नाक पुसलंय मी."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तात्या भडकला. "मग काय नंदाच्या नवऱ्याच्या घशात घालायचं? ही नर्सरी घराची हाय, वैनी. आमच्या मेंढरांच्या लेंडीखतावर उभी ऱ्हायलीय ती!"

अक्कानं रिकामं घमेलं उचललं आणि त्याच्यापुढं धरलं. "न्या की मग. तुमच्या मेंढरांच्या तेवढ्या लेंड्या मोजून न्या. झाडं ऱ्हाऊ द्या."

नंदा म्हणजे अक्काची एकुलती एक लेक, कऱ्हाटीला दिलेली. नर्सरी कुणाची, हा प्रश्न तिथनं उघडा पडला. घराची की अक्काची? आणि अक्कानंतर कुणाची?

दोन दिवसांनी अक्का मला घेऊन एस्टीनं बारामतीला निघाली. एक तरुण सीए साहेब होते, वरच्या मजल्यावर ऑफिस. त्यांनी "बसा मावशी" म्हटलं, आणि अक्का खुर्ची मागं ढकलून जमिनीवर बसली. साहेबांचीच पंचाईत झाली. तेही टेबलाला वळसा घालून पुढं आले आणि स्टुलावर बसले.

"सायेब, धंद्याचे परकार किती?"

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. एकटीच्या नावावर धंदा. भागीदारी. सहकारी सोसायटी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी.

"आता येकेकाचं सांगा. करायला किती, पोसायला किती?"

साहेब म्हणाले, एकटीच्या नावावर केला तर करायला जवळजवळ काहीच नाही, एक दुकानाचा परवाना. पोसायलाही काही नाही.

"आन् मी मेल्यावर?"

"तुमच्याबरोबर संपला. मग वारस काय ते बघतील."

"बघत्यात न्हाय, भांडत्यात. फुडं."

भागीदारी करायला स्वस्त, पोसायला स्वस्त, पण एक भागीदार उठला की मोडली. सोसायटीचा खर्च फार नाही, पण सभासद गोळा करायचे, निवडणूक घ्यायची. अक्कानं तिथंच हात आडवा केला. "नगं. बाया आमच्या बसतील, आन् चेअरमन व्हायला गावातला येक फेटेवाला येऊन टेकंल."

राहिली कंपनी. साहेबांनी पाण्याचा ग्लास संपवला. पुण्याच्या कचेरीत नाव मंजूर करून घ्यायचं, नियमांची दोन पुस्तकं छापायची, स्टँप लावायचा, फी भरायची, त्यांची स्वतःची फी वेगळी. ते झाल्यावर दरसाल ऑडिट, दरसाल सभा, दरसाल पुण्याला कागद पाठवायचे. "मावशी, खरं सांगू? तुमच्या एवढ्या धंद्याला हे फार महाग आहे. मीच सांगतोय, बघा. माझीच फी बुडते यात."

"आकडा सांगा."

त्यांनी आकडा सांगितला. अक्का बोटांची पेरं मोजत बसली. पैशांत तिला काही दिसत नव्हतं, तिनं सगळं मेंढरांत केलं. मग म्हणाली, "भागीदारी म्हंजी येक कोकरू. कंपनी म्हंजी बारा मेंढरं, आन् वर्साला दोन कापायची. बराबर?"

साहेबांनी कागदावर गुणाकार केला आणि मान डोलावली.

"आता ह्ये सांगा. भागीदारीत तात्या उठला तर मोडती. कंपनीत कोण उठलं तर?"

"कंपनी राहते. ती वेगळी व्यक्ती असते कायद्यानं. तुम्ही गेलात तरी ती राहते. तिचे भाग असतात, त्यांना शेअर म्हणायचं. ज्याच्या नावावर जितके शेअर तितका त्याचा हक्क. म्हणजे बघा, असं समजा की..." साहेब उदाहरण शोधायला लागले.

"थांबा," अक्का म्हणाली. "आमच्यात चार घरांची मेंढरं येकाच कळपात चरत्यात. कळप येक, कुत्री येक, राखणदार येक. पर मेंढराच्या कानाला ज्याची त्याची खूण. येक घर आटपलं तर कळप मोडत न्हाय, त्याची खूण त्याच्या पोरास्नी जाती. असंच का?"

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मला हे समजायला पुस्तक दोनदा वाचावं लागलं होतं."

"मंग बारा मेंढरं लावा," अक्का म्हणाली.

तिच्याकडं पाचच होती, हे मला माहीत होतं. पण तिनं सगळ्या गुटीवाल्या बायांची मजुरी वेळेत भागवून, स्वतः वर्षभर नवं लुगडं न घेता ते पैसे उभे केले. एक मेंढी विकली नाही.

कंपनीच्या नावाची गंमत झाली. पुण्याला चार-पाच नावं पाठवायची असतात, कारण दुसऱ्या कुणाचं असलं की नाकारतात. आम्ही नरसिंहपूरच्या देवाचं नाव घातलं, बिरोबाचं घातलं. दोन्ही नावं आधीच कुणीतरी घेतलेली. देवांच्या नावाच्या कंपन्या काय थोड्या आहेत! शेवटचं नाव अक्कानं तिच्या आवडत्या मेंढीचं टाकलं होतं. डोळ्याभोवती काळं असलेली ती मेंढी, काजळी. तेच मंजूर झालं. काजळी रोपवाटिका प्रायव्हेट लिमिटेड. कायद्यानं दोन माणसं तरी लागतात म्हणून दहा शेअर माझ्या नावानं घेतले. बाकीचे सगळे तिचे. दोघी डायरेक्टर. नोंद झाली तशी तालुक्याची रोपांची मागणीही आमच्याकडंच आली. आमचे हे महिनाभर मला "डायरेक्टरीणबाई, चहा टाका" म्हणायचे.

सभेची नोटीस एकवीस दिवस आधी द्यायची, असं साहेबांनी सांगितलेलं. अक्काचं घर आणि माझं घर यांच्यात एक भिंत. तिनं मला हाक मारून सांगितलं असतं तरी चाललं असतं, साहेबही तसंच म्हणाले होते. पण अक्कानं माझ्याकडनंच मला नोटीस लिहून घेतली, आणि भवानीनगरच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केली.

पोस्टमन आला तो कपाळाला हात लावूनच. "अक्का, अहो भिंतीपल्याड टाकायची चिठ्ठी, अन् मला पोस्टातनं सायकल हाणायला लावता?"

"तू सही घेत जा. तुझं पाय दुकत्याल, पर माझा कागद पक्का व्हतो."

तिला ती सही पाहिजे होती. उद्या कुणी म्हणालं की सभा झालीच नाही, तर दाखवायला. आणि खरं सांगायचं तर, तात्याच्या दारावरनं पोस्टमन रजिस्टर घेऊन आमच्या आळीत शिरतोय, हेही तिला पाहिजे होतं.

पण त्यात चूक झाली ती तिच्याकडनंच. पहिल्या वर्षी सगळं साहेबांनी बघितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी निरोप धाडला होता की सभा भाद्रपदात उरका. अक्कानं हो म्हटलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात हिशेब म्हणजे कातरणीच्या दिवशी. धनगरांत दिवाळीच्या तोंडावर मेंढरांची लोकर कातरतात. त्या दिवशी कळपातले सगळे धनी जमतात, लोकर तोलतात, खुणेप्रमाणं वाटतात आणि मग जेवतात. "अंगावर लोकर असताना कसला हिशेब?" म्हणाली. तिच्या पाच मेंढ्या कातरायच्या दिवशी आमची वार्षिक सभा झाली. मेंढ्या कातरल्या, ताळेबंद मंजूर केला, पुरणपोळी खाल्ली. मला वाटलं, किती छान झालं.

पुण्याहून कागद आला. मुदत उलटली, उशिराचा दंड भरा.

आळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण कागद माझ्याकडनं वाचून घेताना अक्कानंच विचारलं, "किती मेंढरं दंड?" आणि मी म्हटलं, "तीन." तिचा आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे.

संध्याकाळी तात्या आला. ओट्यावर बसला. या वेळी भडकला नाही, अगदी मायेनं बोलला. "वैनी, मी तवाच म्हनलं व्हतं. कागदं पोसायला लागलाय तुमी. मोडा ती कंपनी. भागीदारीचा कागद तसाच हाय माझ्याकडं. तीन मेंढरांचा दंड मी भरतो. मी काय परका हाय का?"

त्यात खोट नव्हती असं मला आजही वाटतं. त्याला खरंच भरायचा होता. आणि मी, खरं सांगते, मनात म्हणाले, घे बाई, सुट एकदाची. दर वर्षी दोन मेंढरं, त्यात हा दंड. माझे तर दहाच शेअर, पण मीसुद्धा बोटांवर मेंढरं मोजायला लागले होते.

अक्का तांदूळ निवडत होती. हातातले खडे तिनं बाजूला टाकले. मग सूप खाली ठेवलं.

"तात्या, दंड येकदा भरायचा. तुमचं आयकायचं ते रोज. त्ये किती मेंढरांचं व्हतं, सांगा मला. रोज सकाळी उठून इचारायचं, ह्येला रोपं देऊ का, त्येला देऊ का, नंदाला चार पैशे धाडू का. रोज येक मेंढरू म्हनलं तरी वर्साला कळप गेला की वो माझा. तुमचा सवदा म्हाग हाय. मला परवडत न्हाय."

तात्या उठला. वहाणा घालताना म्हणाला, "लोक हसत्यात, वैनी."

"हसू द्या. त्यास्नी पोसायला काय पडत न्हाय."

दंड भरायला आम्ही दोघी पुण्याला गेलो. कचेरीत खिडकीपाशी एक कारकून होता, सभ्य होता, पण कामात बुडालेला. कागद बघून म्हणाला, "आजी, मालकांना पाठवायचं होतं."

अक्का खिडकीच्या गजात नाक घालून म्हणाली, आणि अख्ख्या कचेरीनं ऐकलं, "कंपनीला मालक कुठं असतो, दादा? भागवालं असत्यात. तुमच्याच पुस्तकात लिवलंय. मी डायरेक्टर हाय, ही बी डायरेक्टर हाय. किती झालं त्ये सांगा, आमची एस्टी हाय."

कारकुनानं चष्मा वर केला, पावती दिली, आणि मागच्या माणसाला म्हणाला, "आधी डायरेक्टर मॅडमचं होऊ द्या." अक्का परतीच्या वाटेवर इंदापूर फाट्यापर्यंत त्यावर हसत होती.

त्यानंतर सभा भाद्रपदात व्हायला लागली. दोनच सभासद, चहा आणि चिवडा. हळूहळू तिनं गुटीवाल्या पाच बायांनाही थोडे थोडे शेअर दिले, दिवाळीच्या साडीऐवजी. एकजण कुरकुरली, साडी तरी नेसता येते. अक्का म्हणाली, "साडी फाटंल. ह्ये फाटलं तर पुन्यांदा छापून देत्यात." नंदाच्या नावावरही तिनं जिवंतपणीच शेअरचा कागद केला, साहेबांपुढं बसून, सगळ्यांच्या देखत.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मुलाकडं पुण्याला होते, मला बातमी तिसऱ्या दिवशी कळली. पण माझ्या डोळ्यांपुढं तिचा जो शेवटचा दिवस आहे तो नर्सरीतला, मी सणसर सोडायच्या आठवड्यातला.

तात्याचा खडकाळ रानातला ऊस दोन वर्षं नीट येत नव्हता. तो स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला, मागं ट्रॉली. उतरला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "वैनी, दोनशे रोपं पाहिजेत. डाळिंब करावं म्हनतो."

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता सुनावणार. इतक्या वर्षांचं सगळं काढणार. ती म्हणाली, "रान किती खोल हाय? मुरूम लागतो का?" आणि मग रोपं निवडायला लागली, एक एक पिशवी उचलून, खालनं दाबून बघत. चांगली तेवढीच दिली. तात्यानं माझ्याकडं पैसे दिले, सगळ्या गिऱ्हाइकांना होता त्याच भावानं. भाव कमी करा म्हणाला नाही. मी पावती फाडली.

ट्रॉली भरली, तशी अक्का आणखी दहा पिशव्या घेऊन आली. "नांगं भरायला. मरतुक झालीच तर लावा त्या जागी." आणि कनवटीची पिशवी सोडून, नोटा मोजून माझ्यापुढं ठेवल्या. "शालन, धाची पावती कर. माझ्या नावानं."

तात्या बघत होता. म्हणाला, "वैनी, तुमचीच रोपं आन् तुमीच इकत घेता?"

"माझी कुठली? कंपनीची हायत. पाच बायांची हायत, नंदाची हायत, शालनची हायत. ती मी फुकट कशी वाटू?" तिनं पावती घेतली, घडी घालून कमरेला खोचली. "ह्या धा माझ्या. दिराला द्यायच्या व्हत्या."

तात्यानं त्या दहा पिशव्या स्वतः उचलून ट्रॉलीत ठेवल्या. मग ट्रॅक्टरवर चढला. अक्का चाक धरून ट्रॉलीत चढली आणि पोत्याचे तुकडे पिशव्यांच्या मधे दाबत गेली, हलू नयेत म्हणून. खाली उतरली तेव्हा दम लागला होता तिला, वय झालंच होतं. ट्रॅक्टर सुरू झाला, कालव्याच्या खडबडीत रस्त्याला लागला, रोपं डुलायला लागली. अक्का पदर सावरत मागनं चार पावलं धावली आणि तिच्या त्या माळावरच्या आवाजात ओरडली, "तात्या, दमानं! मुळ्या अजून कवळ्या हायत!"

आणि तात्यानं गिअर उतरवला.